फोरमच्या दारात निवटी

आमच्या फोरमवर पहिला वशीकरणवाला आला तेव्हा आम्हाला त्याची गंमतच वाटली. बाल्कनीत आणि गच्चीवर झाडं लावणाऱ्या नवी मुंबईकरांची ही वेबसाइट. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला, कुंडीला भोक केवढं पाडू, कबुतरांचं काय करू, असले आमचे विषय. त्यात एका दुपारी ‘रूठा हुआ प्यार वापस पाइए’ अशी पोस्ट आली, आणि खाली एका बाईंनी भाबडेपणाने विचारलं, की हे मोगऱ्याला लागू पडतं का, आमचा मोगरा दोन वर्षं रुसलाय.

बाबाने उत्तर दिलं नाही. पण बहुधा त्याने आमचा पत्ता सगळ्यांना दिला. पुढच्या काही महिन्यांत केस उगवण्याचं तेल आलं, झटपट कर्ज आलं, पॅकर्स अँड मूव्हर्स आले. सकाळी चहा घेऊन फोरम उघडावा तर वरच्या पानावर झाडाचं नाव नाही.

शाळेतल्या नोकरीतून मोकळी झाल्यावर मी हा फोरम सुरू केला होता. जोडीला एक काका होते. आमच्या सेक्टरला लागून खाडीकाठचं जुनं गाव आहे, तिथले ते. त्यांची भातशेती शहरात गेली, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर त्यांनी चार मजली इमारत बांधली आणि तिच्या गच्चीवर, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत, वांगी, भेंडी आणि दुधी लावला. दुधी कसा धरतो हे त्यांच्याइतकं खुलवून कोणी सांगत नाही. स्पॅम काढायचं काम आम्ही वाटून घेतलं होतं, सकाळी मी आणि जेवणानंतर काका. पण काकांचं मन मोठं. कोणी दारात आलेलं त्यांना घालवता येत नसे. रशियन लिपीतली एक पोस्ट त्यांनी आठवडाभर तशीच ठेवली, कारण फोटोतली फुलं सुंदर होती.

माझी चिडचिड माझ्या नवऱ्याला बघवेना. त्याची सगळी नोकरी न्हावा शेव्याला, परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवण्यात गेलेली. त्याच्या मते दोष आमच्या व्यवस्थेचा होता. तपासल्याशिवाय कंटेनर बाहेर सोडतात का, असं त्याने मला शांतपणे विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोस्ट त्याच्या नजरेखालून जाऊ लागली.

स्पॅम थांबला हे खरं. बाकीचंही थांबलं. शेणखत विकत घ्यायचंय असं कोणी लिहिलं, की हा उलट विचारायचा, माल कुठून येणार, ओला की सुका, आणि कशासाठी. उत्तर येईपर्यंत पोस्ट अडकलेली. खारघरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की कढीपत्त्याची पानं भराभर गळतायत, लगेच काहीतरी सांगा. ‘भराभर’ म्हणजे नेमकं काय, असा खुलासा नवऱ्याने मागितला. पोस्ट सुटली तेव्हा बाईंनीच तिच्याखाली लिहिलं, की आता उत्तराची गरज नाही, कढीपत्ता गेला. मग लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकून शोक व्यक्त केला. नवरा तो धागा संपेपर्यंत वाचत बसला, मग चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘तुमचं तुम्ही बघा.’

तेव्हा काकांनी उपाय काढला. नवीन माणूस नाव नोंदवायला आला, की त्याला एक प्रश्न विचारायचा. बाहेरच्याला येणार नाही, इथल्याला सहज येईल असा. मला वाटलं ते रेल्वे स्टेशनचं वगैरे काही विचारतील.

‘खाडीचे चिखलान उड्या मारतो तो मासा कंचा?’ काका म्हणाले.

मला उत्तर माहीत नव्हतं. काका माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं इथे राहून, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उत्तर होतं निवटी. मी प्रश्न जरा शुद्ध करून फोरमच्या दारात बसवला.

वशीकरणवाले, कर्जवाले, तेलवाले सगळे त्या माशापुढे अडले. आम्ही खूश होतो. मग माझ्या लक्षात आलं, की नवीन माणूसही एक आत आलेला नाही. सोसायटीतल्या सातारच्या वहिनी तर लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, की आम्ही माळकरी माणसं, आम्हाला मासे कशाला विचारता, गुलाबाचं विचारा. माझी सख्खी बहीण तीनदा ‘बोंबील’ लिहून बाहेर राहिली आणि तिने आमच्या घरी फोन करणं कमी केलं.

आणि अशात एका दुपारी फोरमवर पेस्ट कंट्रोलची जाहिरात आली. झुरळ, ढेकूण, वाळवी, सगळ्यांचा बंदोबस्त, रबाळ्याचा पत्ता, खाली फोन नंबर. म्हणजे ती टाकणाऱ्याला निवटी माहीत होती.

मी काकांना फोन केला. मला वाटलं ते वैतागतील. ते हरखले होते. ‘आपलाच मानूस हाय तो,’ म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावायला गेले.

माणूस नव्हता, बाई होती. अशा जाहिराती वेगवेगळ्या साइटवर टाकायचं काम ती घरून करायची. काकांनी तिला जाहिरातीबद्दल काही विचारलंच नाही. गाव कुठलं, कोणाची तू, आईचं माहेर कुठलं, असं विचारत गेले आणि दोघं अशा ठिकाणी पोचले, की ती काकूंच्या मावसबहिणीची मुलगी निघाली. लग्नकार्यात कधीतरी भेटही झालेली होती. काकांनी तिला रविवारी जेवायला बोलावलं आणि मलाही.

मी जाताना मनाशी ठरवून गेले होते, की चार शब्द सुनावायचेच. पण तिथे काकू तिच्या पानात तांदळाची भाकरी वाढत होत्या आणि ‘किती बारीक झालीस’ म्हणत होत्या. पस्तिशीची, चटपटीत बाई, हेल्मेट शेजारी ठेवून जेवत होती. अशा माणसाला स्पॅमबद्दल कसं बोलायचं मला कळेना. शेवटी जेवणं झाल्यावर गच्चीवर, दुधीच्या मांडवाखाली, मी विषय काढला.

ती जराही ओशाळली नाही. ती म्हणाली, काम आहे ते, मी नाही टाकलं तर दुसरी कोणी टाकेल. आणि खरं सांगायचं तर तिला आमच्याकडे टाकायला आवडलं होतं. इतर ठिकाणी कोणी वाचतसुद्धा नाही. आमच्याकडे एकाने चक्क विचारलं होतं, की झुरळांचं औषध तुळशीला चालेल का. तिने कंपनीला विचारून त्याला कळवलंही होतं, की नका टाकू.

‘मग बंद कसं करायचं ते तरी सांग,’ मी म्हटलं.

‘तो मासा आधी काढा, ताई. आमच्या धंद्यातलं कोणी त्याने फार दिवस अडत नाही. नेटवर विचारलं की उत्तर मिळतं. मला तर विचारावंही लागलं नाही.’

काकांचा चेहरा पडला. ती पुढे सांगत गेली. नव्या माणसाने टाकलेला फोन नंबर आणि लिंक दिसूच द्यायची नाही. झाडांबद्दल थोडं लिहिलं, जुन्यांपैकी कोणी ओळखलं, की मग सगळं मोकळं. जाहिरात टाकणाऱ्याकडे एवढा वेळ नसतो, तो पुढच्या साइटवर जातो. हे सगळं ती दुधीची फुलं न्याहाळत सांगत होती आणि मधेच तिने काकांना विचारलं, की नर फूल कुठलं आणि मादी कुठलं. मग काका खुलले. मी तासभर ऊन खात बसले.

खाली उतरताना मी तिला विचारलं, की हे सांभाळायला तूच येशील का. ती हसली आणि म्हणाली, फक्त एका अटीवर, काकांनी मध्ये पडायचं नाही.

पंधरवड्यात फोरम स्वच्छ झाला. आम्हाला जाहिरात दिसायच्या आधीच ती गेलेली असायची. खारघरच्या बाईंनी नवा कढीपत्ता लावल्याचा फोटो टाकला, माझी बहीण आत आली, सातारच्या वहिनींनी गुलाबावर एवढं लिहिलं, की त्यांना वेगळा विभाग द्यावा लागला.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची आहे असं फोरमवर टाकलं होतं आणि भाचीने ते काढून टाकलं होतं, खाली ‘झाडांविषयी नाही’ असा शेरा मारून.

‘तुमी सांगा ना तिला,’ काका म्हणाले. मी म्हटलं, तुमचं नातं आहे, तुम्हीच बोला.

ते बोलले. तिने ऐकलं नाही. मग संध्याकाळी काकांनी नवी पोस्ट टाकली. खोलीच्या खिडकीचा फोटो, कठड्यावर तुळशीची कुंडी, आणि मजकूर असा, की या खिडकीत सकाळचं ऊन चांगलं येतं, तुळस जोमाने वाढते, आणि खोली सध्या रिकामी आहे.

तिने ती पोस्ट ‘ऊन आणि सावली’ या विभागात हलवली आणि खाली विचारलं, की कुंडीला भोक पाडलंय ना.