खडूच्या ओळीखालची रेघ

माझा लेक धनाजी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाका सुरू होतात, तो माणूस. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात त्यानं बावीस वर्षं दिवसपाळी केली. रातपाळीला होता हिंदुराव. दोघांची गाठ पडायची ती फक्त दारात, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. त्यामुळं त्यांचं बोलणं खडूनं चालायचं. पाळी संपली की जॉबर मागाच्या लोखंडी चौकटीवर एक ओळ लिहायचा, काय सैल केलंय, काय आवळलंय. पुढच्या पाळीचा माणूस ती वाचायचा आणि खाली एक आडवी रेघ मारायचा. रेघ मारली म्हणजे वाचलं, आता पाळी माझी. ओळ पुसायची मात्र ज्यानं लिहिली त्यानंच.

पुढं कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. आम्ही कारखान्याशेजारच्या खोल्यांत राहत होतो, तिथंच राहिलो. धनाजी दोन महिने भिंतीकडं बघत बसला. भिंतसुद्धा कंटाळली असेल. मग त्याची लेक अपेक्षा सुट्टीला आली. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाली, "बाबा, तुम्हाला यंत्राशिवाय करमत नाही ना? मग हे घ्या." आणि आपला जुना कॉम्प्युटर तिनं शिलाई मशीनशेजारी मांडला.

त्यावर धनाजी खेळाचा सर्व्हर चालवायला लागला. मला समजलं ते असं: पोरं आपापल्या घरी बसून एकच खेळ खेळतात, किल्ले बांधतात, दुसऱ्याचे पाडतात. ती सगळी पोरं जिथं जमतात ते अंगण म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतलं ते यंत्र. सोलापूरची, अक्कलकोटची, पार विजापूरकडची पोरं आमच्या अंगणात, आणि चप्पल एकाचीही दारात नाही.

हा सर्व्हर बटण दाबून सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर एक लांब ओळ लिहावी लागते. आधी खेळाचं नाव, मग एक डॅश आणि कुठल्या दारानं यायचं, पुन्हा डॅश आणि किती पोरं घ्यायची, डॅश आणि कुठला नकाशा, शेवटचा डॅश आणि मालकाचा पासवर्ड. धनाजी खुशीत होता. "आई, हे मागासारखंच हाय की. काय पायजे ते आधी सांगायचं, मग चालू करायचं. चालू झाल्यावर बोंबलून उपेग न्हाय."

आणि मागासारखंच आहे म्हणून ती अख्खी ओळ त्यानं खडूनं भिंतीवर लिहिली, पासवर्डासकट. पासवर्ड बदलला की जुनी पुसून नवी लिहायचा. अपेक्षानं एकदा व्हिडिओ कॉलवर ते बघितलं.

"बाबा, पासवर्ड भिंतीवर? त्या पासवर्डानं बाहेरूनसुद्धा आपल्या सर्व्हरवर फाईल चढवून चालू करता येते."

"घरचीच माणसं येत्यात की गं."

मीही त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, "आपल्याकडं येणारा चोर इंग्रजी वाचणारा असंल व्हय?" तेव्हा तिघंही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

घरचं माणूस म्हणजे हिंदुराव. रोज चारला चहाला यायचा. कारखाना सुटल्यावर त्याला सात रस्त्याला कुठल्याशा माडीवरच्या ऑफिसात काम लागलं होतं.

"काय करतोस रं तितं?" मी विचारलं होतं.

"माहिती गोळा करायची, काकू."

"कसली?"

"सगळीच," म्हणाला, आणि खारी चहात बुडवली.

गेल्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला अक्कलकोटहून सिद्धलिंगप्पाचा फोन आला. हा आमच्याच कारखान्यातला जुना विणकर. त्याची अकरा वर्षांची नात सिद्धेश्वरी धनाजीच्या सर्व्हरवर खेळायची.

"अव्वा, धनाजीला द्या." मी फोन मोठ्या आवाजावर केला. "धनाजी, आमच्या सिद्धीला खेळात कुणीतरी बक्षीस द्यायला बोलावलंय. आज पाच वाजता, एसटी स्टँडच्या मागं. एकटी ये म्हणतो. तिची शाळा त्याला ठाऊक, गल्ली ठाऊक, आई दुपारी कामाला जाते तेबी ठाऊक."

"तिनंच सांगितलं असंल."

"त्याला न्हाई. मैत्रिणीला सांगितलं, खेळातच, दोघींच्यात. तुमच्याकडं खेळते म्हणून आमी निवांत होतो."

धनाजीनं फोन ठेवला, सर्व्हर बंद केला आणि पुन्हा ओळ लिहून सुरू केला. सुरू होताना तो जोडभाग, म्हणजे खेळाला वरून जोडलेल्या फाईली, एकेक नावानिशी दाखवतो. मागल्या वेळी चालू केला तेव्हा चार होते. त्या दिवशी पाच आले. पाचवा त्यानं बसवलेला नव्हता.

अपेक्षाला फोन लावला. ती म्हणाली, "आधी सर्व्हर बंद करा. ती फाईल चालवायची नाही, आत काय आहे ते नुसतं बघायचं. ती मशीनच्या भाषेत असते, वाचता येत नाही, पण बनवणाऱ्यानं दिलेली नावं पुष्कळदा आत तशीच राहतात." मग तिनं एकेक आज्ञा सांगितली. एकीनं आतल्या कामांची नावं दिसतात, दुसरीनं आत लपलेले शब्द. त्यांनाही डॅश होतेच. टॉवेल उलटा करून गाठी तपासतात, तसं हे.

धनाजी बोट ठेवून वाचत गेला. आधी कामांची नावं आली: बोलणं वाच, बोलणं उतरव, बाहेर पाठव. मग शब्द आले.

"शाळा," धनाजी म्हणाला. "गल्ली. घरी कोण. आई कामाला." मग थांबला. "एकटी."

फोनवर अपेक्षानं ते शब्द लिहून घेतले. मग म्हणाली, "बाबा, यातला शब्द कुणी पोर बोललं की ते टिपून घ्यायला ठेवलेत हे. फाईल पासवर्डानंच चढवलीय. पासवर्ड कधी बदलला होता?"

"सोमवारी."

मी भिंतीकडं बघितलं. सोमवारची ओळ तशीच होती. तिच्याखाली वीतभर आडवी रेघ होती, उजवीकडं जरा वर चढलेली. झाडताना मंगळवारपासून रोज दिसत होती मला, मी समजले ह्यानंच मारली.

"धना, ही रेघ तुझी का?"

"लिहिणारा रेघ मारत न्हाय, आई."

तो उठून भिंतीजवळ गेला. बोट रेघेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. बावीस वर्षं रोज सकाळी बघितलेली रेघ होती ती. "सवयीनं मारली त्यानं," म्हणाला. "मारली हे त्याच्या ध्यानातबी नसंल."

मंगळवारी चारला हिंदुराव पुढच्या खोलीत एकटाच होता. मी आत चहा गाळत होते. आलं घातलं होतं मी, त्याला आवडतं म्हणून.

हिंदुरावचा फोन बंद लागला. अपेक्षा म्हणाली, "पोलिसांत तक्रार मी इथून करते. तुम्ही पोरीकडं जा." निघताना धनाजीनं खडू घेतला आणि सोमवारच्या ओळीशेजारी लिहिलं: "फाईल सापडली. पोरगी एकटी येणार नाही. हिंदुराव, समोर येऊन बोल." मग दाराला कुलूप घातलं आणि किल्ली लाईटच्या मीटरमागच्या खिळ्याला अडकवली. कारखान्याची किल्लीही ते दोघं तशीच ठेवायचे.

अक्कलकोटला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. सिद्धेश्वरी घरातच होती. तिची आजी शांतम्मा तिची वेणी हातात धरून बसली होती, जणू पोरगी त्या वेणीनंच घराला बांधलेली.

"अज्जी, बक्षीस खरंच नव्हतं का?" पोरीनं मला विचारलं.

"नव्हतं बाळा."

"मग त्यानं माझ्या दप्तराचा रंग कसा सांगितला?"

मी तिचं दप्तर उचलून आतल्या खोलीत ठेवलं.

धनाजी आणि सिद्धलिंगप्पा साडेचारपासून स्टँडच्या मागं चहाच्या टपरीवर बसून होते. पाचला एक माणूस आला. फोनमध्ये बघितलं, आजूबाजूला बघितलं, दहा मिनिटं उभा राहिला. हे दोघं उठताच तो गर्दीत शिरला आणि गेला. घरी येताच सिद्धलिंगप्पानं विचारलं, "धनाजी, तो हिंदुराव होता का? मला लांबचं दिसत न्हाई."

"न्हाय. ह्याला मी कदी बघितलाच न्हाय."

हिंदुराव असता तर निदान चेहरा ठाऊक होता.

आम्ही दिवेलागणीला घरी परतलो. कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली खिळ्यालाच होती. धनाजीनं दार उघडून दिवा लावला. खोलीतलं काही हललेलं नव्हतं. कॉम्प्युटर बंद होता तसाच होता.

भिंतीवर सकाळच्या ओळीखाली वीतभर आडवी रेघ होती, उजवीकडं जरा वर चढलेली. खाली फरशीवर खडूची पूड पडली होती.

मी पुसायला फडकं उचललं, तर धनाजीनं हात धरला. "राहू दे. पोलीस बघतील."

"वाचून गेला म्हणायचा," मी म्हटलं.

"वाचून, आणि पाळी घेऊन."

त्यानं ती किल्ली माझ्या पानसुपारीच्या चंचीत टाकली, मग हातोडी शोधून तो खिळाही उपटला. ह्या वेळी हिंदुरावनं रेघ सवयीनं मारली की जाणून, ते मी त्याला विचारलं नाही. दाराला आतून कडी घातली आणि दोनदा ओढून बघितली.