आमच्याकडे अजून झालं नाहीये

उजव्या हाताचं एक बोट ओठांवर, आणि डावा तळहात समोरच्यावर रोखलेला, चौकातल्या पोलिसासारखा. अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या वसाहतीत, काकांची ही मुद्रा सगळ्यांच्या ओळखीची होती. तिच्या जोडीचं वाक्यही ठरलेलं. "बोलू नकोस. आमच्याकडे अजून झालं नाहीये."

वाक्य मूळचं फुटबॉलचं. पण काकांनी ते इतकं वापरलं की ते कशालाही लागू पडायला लागलं. शेजारच्या नागपूरकर वहिनी सांगायच्या, "काका, फोनवर अलर्ट आलाय, वादळ येतंय, गाडीच्या काचा वर करा." काका आभाळाकडे बघायचे आणि तळहात वर करायचे. एकदा त्यांच्या मुलाने चाचरत सुचवलं, "बाबा, आता वय झालं, ड्राइव्ह करणं बंद करा." त्यालाही तेच उत्तर मिळालं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी आपल्या आयुष्याचा हिशेब भलत्याच गोष्टीवर लावतात. कुणी बदल्यांवर, कुणी दुखण्यांवर. काकांनी तो ब्रिटनमधल्या एका टीव्ही चॅनलवर लावला होता. तरुणपणी ते नोकरीसाठी लेस्टरला गेले, तिथल्या नगरपालिकेत रस्त्यांचे इंजिनियर झाले, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आधीच लग्न होऊन तिकडे गेलेली. टीव्ही तिच्याकडे होता, त्यामुळे शनिवार-रविवारी काका तिच्याकडे असायचे.

या चॅनलवरच्या थेट फुटबॉलचा इतिहास काकांनी मला इतक्या वेळा सांगितला, की मी त्याचे कालखंडच पाडले होते. पहिला संयमाचा. तेव्हा थेट सामना म्हणजे वर्षातून एकदा, कपची फायनल. एरवी दुपारी झालेल्या मॅचचे तुकडे रात्री दाखवायचे. मधले सगळे तास निकाल कानावर पडू न देता काढायचे. काका रस्त्यावर कुणी हसताना दिसलं तरी पलीकडच्या फुटपाथवर जात. "त्या काळात मी अर्ध्या लेस्टरशी बोलणं टाकलं होतं," ते अभिमानाने सांगायचे.

मग सुवर्णकाळ. चॅनल रविवारी दुपारी लीगच्या मॅचेस थेट दाखवायला लागलं. ताईंच्या घरी वरणभात किक-ऑफच्या आत उरकायचा आणि मागची आवराआवर मध्यंतरातल्या जाहिरातींमध्ये, असा नियम झाला. काकांचं लग्न ठरलं तेसुद्धा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "लीग आपल्या चॅनलवर होती तेव्हा".

तिसरा कालखंड परातीचा. लीग उपग्रहवाल्यांनी उचलून नेली. ज्याला थेट मॅच हवी त्याने घराच्या भिंतीला डिश लावायची. ताईंनी साफ नकार दिला. "भांडी स्वयंपाकघरात असतात. भिंतीबाहेर परात टांगून बसणार नाही मी." तेव्हापासून चॅनलकडे जे उरलं तेवढंच या भावंडांचं फुटबॉल. कधी कपची मॅच, कधी युरोपातली, कधी देशाची. काका म्हणायचे, "साम्राज्य गेलं रे, पण गादी आहे."

ही गादी त्यांनी अमेरिकेतही सांभाळली. काकू गेल्या, आणि कॅरीतल्या औषध कंपनीत काम करणाऱ्या मुलाने त्यांना इकडे आणलं. इकडे तर फुटबॉलचा सुकाळ. शनिवारी दुपारच्या ज्या मॅचेस जुन्या नियमामुळे खुद्द इंग्लंडात थेट दाखवत नाहीत, त्या आम्हाला सकाळी कॉफीबरोबर बघता येतात. मी हे काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"ताईला दिसते का?"

"नाही. तिकडे कुणालाच नाही दिसत."

"मग मी एकट्याने बघून काय करू?"

तेव्हा नियम असा ठरला, की ताईंना त्या चॅनलवर जी दिसेल तीच मॅच काकांनी इथे स्ट्रीमिंगवर बघायची, आणि फोन दोन्हीकडे स्पीकरवर. ही जुळवाजुळव करायला मला बोलावलं गेलं, कारण मी आयटीत होतो आणि दोन घरं पलीकडे राहत होतो. मी गेलो आणि पुढे जातच राहिलो.

पहिल्याच मॅचला घोटाळा कळला. ताईंचा टीव्ही जुना, धुराड्यावरच्या अँटेनाचा. त्यांना गोल झाल्या क्षणी दिसायचा. आमच्याकडे तोच गोल समुद्र ओलांडून, कुठल्या कुठल्या सर्व्हरवर मुक्काम करत, पाऊण मिनिटाने पोचायचा. आमचा खेळाडू अजून मैदानाच्या मध्यावर बुटाची नाडी बांधतोय, आणि फोनमधून ताई ओरडल्या, "घातला, बाळ, घातला!"

काकांनी फोनकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. "ताई," ते म्हणाले, "आमच्याकडे अजून झालं नाहीये."

वाक्याचा जन्म हा असा.

त्यानंतर ताईंनी गप्प राहायचं ठरलं. पण न बोलण्याचेही प्रकार असतात. ताई मॅचभर चहा ढवळायच्या. चमचा थांबला की काका टेकून बसलेले ताठ व्हायचे. कधी ताई खोकायच्या. कधी म्हणायच्या, "मी काही बोलत नाही हं." हे तर सरळ सांगण्यापेक्षा वाईट.

"ताई, तू श्वाससुद्धा एकसारखा घे."

"घेते. पण पेनल्टीला कसा घेऊ?"

मी एक तोडगा सुचवला. आत्यांनी (काकांच्या मुलामुळे मीही ताईंना आत्या म्हणायला लागलो होतो) आपला टीव्ही पाऊण मिनिट थांबवून ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे एकदम दिसेल. त्यांच्या टीव्हीला ते जमत नव्हतं हे पुढचं. आत्यांनी तत्त्वावरच प्रस्ताव फेटाळला. "मी का थांबू? मी मोठी आहे."

काकांचा दुसरा शत्रू म्हणजे समालोचक. मॅचच्या आधी तासभर सुटातली चार माणसं टेबलाभोवती बसून, अजून न झालेल्या खेळाचं विश्लेषण करतात, ते बघून काकांना लग्नातल्या व्याह्यांची आठवण व्हायची. आणि खेळ सुरू झाला की समालोचकाचा आवाज चढायचा. "बॉल बाहेर गेला ना? मग बाहेर गेला म्हण. 'काय हुकला' कशाला म्हणतोस? हुकायलासुद्धा जवळून जावं लागतं." थेट प्रक्षेपण म्हणजे घडलं तेवढंच, घडलं तेव्हाच. न घडलेलं सांगणं त्यांच्या लेखी सरळ फसवणूक होती.

असा माणूस आमच्या मराठी मंडळाच्या तावडीत सापडला, तो किस्सा सांगायलाच हवा.

मंडळाच्या अध्यक्षांना फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता, पण भव्य पडद्यात होता. कपची फायनल एकत्र बघायचा कार्यक्रम त्यांनी ठरवला. वडापाव, भव्य पडदा, आणि "ब्रिटिश फुटबॉल प्रक्षेपणाचे चालते-बोलते साक्षीदार" म्हणून काकांचा सत्कार. काकांनी एकच अट घातली, किक-ऑफच्या आधी सगळं उरका.

आता, आपल्या मंडळांत काय वेळेवर उरकतं हे मी तुम्हाला सांगायला नको. समई पेटेना, कारण हॉलच्या नियमात ज्योत बसत नव्हती. शेवटी बॅटरीवरच्या दिव्याचं बटण दाबून दीपप्रज्वलन झालं. मग अध्यक्षांनी प्रास्ताविक करतो म्हणून भाषण केलं. मी घड्याळ दाखवलं, तर ते माइकवरूनच म्हणाले, "काळजी नको. मॅच आम्ही पॉज केलेली आहे. लाइव्ह आपल्यासाठी थांबलेलं आहे."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांची कॉलेजातली मुलगी मागून म्हणाली, "डॅड, दॅट्स नॉट हाउ लाइव्ह वर्क्स." तिला बसायला सांगण्यात आलं.

काका शाल-श्रीफळ घेऊन मंचावर उभे होते. मागे भव्य पडद्यावर एक खेळाडू नाणेफेक बघत तोंड उघडं ठेवून गोठलेला. दोघांच्या चेहऱ्यावरचे भाव फारसे वेगळे नव्हते. सत्काराला उत्तर देताना काकांनी चार वाक्यं बोलून माइक सोडला. मंडळाच्या इतिहासातलं ते सर्वांत लहान भाषण असावं. पडदा हलला, तेव्हा खरी मॅच मध्यंतर उलटून पुढे गेली असणार. खाली बसता बसता काका मला म्हणाले, "शिळं वाढलंय. पण गरम करून."

फोन त्यांनी आधीच ताईंना सांगून बंद ठेवायचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात तो खिशात चालूच होता. आमच्या पडद्यावर खेळ जेमतेम रंगात आला आणि तो वाजला. काकांनी नाव बघितलं, आणि कॉल कापला. पुन्हा वाजला. खेळ सुरू झाल्यावर ताई स्वतःहून कधीच फोन लावत नसत. तो त्या घराचा दगडावरचा नियम होता. गोल झाला म्हणून त्या चमचा थांबवतील, फोन करणार नाहीत.

काका उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ. मी मागोमाग बाहेर गेलो. कॉरिडॉरमध्ये त्यांनी फोन स्पीकरवर घेतला, कारण त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती.

"बाळ, टीव्ही बिघडलाय रे. मधोमध काळा डाग आलाय. ज्याच्याकडे बॉल, नेमका तोच दिसत नाही."

"अँटेना हलला असेल."

"मलाही तेच वाटलं. पण भिंतीवरच्या घड्याळाचेही काटे गेलेत. कडेचे आकडे आहेत."

काकांनी नारळ माझ्या हातात दिला. "ताई, डावा डोळा तर तुझा आधीपासूनच अधू. तो झाक. आता सांग."

"डाग आहे."

"शेजारच्या बाईंकडे जा. आत्ता. हॉस्पिटलात न्यायला सांग."

"थोडीच राहिलीय रे. संपू दे. एक-एक आहे."

मी दचकून काकांकडे पाहिलं. आत आमच्या पडद्यावर अजून एकही गोल झाला नव्हता. पण बोट ओठांवर गेलं नाही, तळहात वर झाला नाही. काका म्हणाले, "असू दे एक-एक. तू ऊठ. मी फोन ठेवत नाही. जिना धरून उतर." मग शेजारच्या बाईंचं दार वाजेपर्यंत ते कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. आत गोल झाला, हॉल ओरडला, आणि त्यांनी मान वळवली नाही.

डॉक्टरांनी जे वाचवता येईल ते वाचवलं. कडेची नजर राहिली, मधली गेली. आत्या फोनवर मला म्हणाल्या, "आता फक्त कडेने पळणारा लाइन्समन दिसतो. म्हणजे सगळ्यात कंटाळवाणा माणूस तेवढा देवाने माझ्यासाठी ठेवला."

काकांनी महिन्याभरात सामान बांधलं. पासपोर्ट तिकडचाच होता. मुलगा म्हणत होता, "बाबा, आपण केअरटेकर अरेंज करू. तुम्हीच ऐंशीला टेकलात, तुम्ही काय बघणार तिला?"

"आमच्याकडे अजून झालं नाहीये," काका म्हणाले आणि पेटीत शाल घातली. मंडळाचीच. ऊबदार होती म्हणून.

आता काकांच्या त्या घराच्या पोर्चमध्ये नुसत्या त्यांच्या मुलाच्या सायकली असतात. वीकेंडची सकाळ मला लांबलचक वाटू लागली होती. पण एका रविवारी फोन आला. कपची मॅच त्या चॅनलवर होती. काका म्हणाले, "लाव. आणि हा चालू ठेव."

मी स्ट्रीमिंग लावलं. लेस्टरमध्ये टीव्हीचा आवाज बारीक केलेला, फक्त प्रेक्षकांचा कल्लोळ ऐकू येण्यापुरता. टीव्हीवाले दिसणाऱ्या लोकांसाठी बोलतात, ते आत्यांच्या कामाचे नव्हते. बोलत होते ते काका. "डावीकडून निघालाय, ताई. एकाला टाकलं मागे. दुसऱ्यालाही. आला, आला... मारला! अरे, काय हुकला! बारला लागून बाहेर."

माझ्याकडे खेळाडू अजून आपल्याच हाफमध्ये होता. चमचा थांबला.

"बारला लागला, मग लोक का नाही ओरडले?" आत्यांनी विचारलं.

"हळू लागला."

"बाळ, तू लहानपणापासून असाच आहेस. अरे, तिकडे कॅरीत तू आहेस ना फोनवर? तू सांग. लागला का बारला?"

एवढ्यात माझ्या पडद्यावर तो खेळाडू डावीकडून निघाला. कुणालाही मागे टाकलं नाही, कारण आडवं कुणी आलंच नाही. चार पावलांवर तो स्वतःच्याच पायात अडखळून पडला. बॉल घरंगळत गेला आणि गोलकीपरने तो रस्त्यातलं मांजर उचलावं तसा उचलला. फोनवर काकांचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"बोल रे," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आमच्याकडे अजून झालं नाहीये."

 मग चमचा कपात पुन्हा फिरायला लागला.

"बरं," आत्या म्हणाल्या. "थांबते मी."