छप्पन पौंडांची चूक

"काका, तुटली." एवढंच बोलून पल्लवीने मनीषाची रॅकेट माझ्या टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली. तोंड भिंतीकडे.

मी गटिंग करायचो, म्हणजे रॅकेटला तारा भरायचो. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. पुण्यात एका कॉलेजच्या जिमखान्यामागे पत्र्याच्या खोलीत माझं मशीन होतं. हिंजवडीत तेव्हा नुकत्याच कंपन्या उभ्या राहत होत्या. ज्यांचे भाऊ अमेरिकेला जाऊन यायचे, त्या मुलींच्या बॅगेत चार-चार ग्राफाइटच्या रॅकेट असायच्या. समोरच्या टीमकडे होत्या. आमच्या पल्लवी-मनीषाकडे एकेकच, बाकीच्या मुलींकडे जुन्या अॅल्युमिनियमच्या.

त्या दिवशी इंटरकॉलेजची फायनल होती. कॉलेजचं टेनिस टीमचं असतं. दोन सिंगल्स, एक डबल्स, सगळं मिळून एक टाय. तीनपैकी दोन जिंकेल त्याची टाय. पहिली सिंगल्स पल्लवी हरली. दुसरी मनीषाची. तिचे वडील यवतमाळकडून येऊन चिंचवडला कारखान्यात लागलेले. पहिल्याच सेटमध्ये तिची तार तुटली. पल्लवीने आपली रॅकेट तिला दिली आणि तुटलेली माझ्याकडे आणली. मनीषा हरली तर खेळ खलास. जिंकली तर डबल्सला ह्याच दोघी, आणि दोघींत रॅकेट एक.

पल्लवी म्हणाली, घरी जाते, माझ्यामुळेच आपण मागे आहोत.

"जा. पण आधी ह्या आडव्या तारा सरळ कर. मला हात दोनच आहेत."

ते काम आमच्या सुशीलाचं, माझ्या बायकोचं. मी तार ओढायची आणि तिने नखाने एकेक चौकोन सरळ करायचा. कोणत्या मुलीचं टेन्शन किती, तेही तिच्याच डोक्यात. टेन्शन म्हणजे तार किती पौंडांनी ताणायची तो आकडा. दोन-चार पौंडांनी बॉल कुठल्या कुठे जातो. सुशीला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या स्टुलावर मी तोवर कोणाला बसू दिलं नव्हतं. पल्लवी न विचारताच बसली होती.

खोलीतून कोर्ट दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. एरवी टेनिसला कोणी खोकलं तरी लोक वळून बघतात. टायला तसं नसतं. बाकावर बसलेली सगळी टीम प्रत्येक पॉइंटला ओरडते. डावीकडून आवाज आला की पॉइंट आपला, उजवीकडून आला की त्यांचा. पहिला सेट उजवीकडे गेला. दुसऱ्यात डावीकडचा आवाज वाढत गेला. पल्लवीची बोटं थांबायची, मी खेकसायचो, पुन्हा चालायची. तिसऱ्या सेटला ती बसल्या जागेवरून ओरडायला लागली, "मनी, सोडू नकोस!" पत्रा दणाणला. घरी जायचं ती विसरली होती.

शेवटची तार बांधली. पल्लवीने तळहातावर रॅकेट आपटली आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, ही माझ्या रॅकेटसारखी वाजतेय."

मनीषाचं टेन्शन बावन्न. छप्पन पल्लवीचं. मी आकडे उलटे लावले होते. तेवढ्यात बाहेर एकच गलका झाला, डावीकडून. मनीषा जिंकली होती. एकास एक. डबल्सला अर्धा तास, आणि तारा कापून पुन्हा भरायला तास-दीड तास हवा.

आमचे स्पोर्ट्सचे सर आत आले. मी झालं ते सांगितलं.

सर म्हणाले, "मनीषाला काही सांगू नका. आत्ता जिंकून आलीय, मनाने खचेल."

"सर, जिच्या हातात देतोय, तिला काय दिलंय ते कळायला हवं."

"अहो, हरलो तर जबाबदार कोण?"

"मी. अजून कोण?"

मी रॅकेट घेऊन कोर्टवर गेलो. मनीषा घामाने निथळत बाकावर बसली होती. मी म्हणालो, पोरी, माझ्याकडून चूक झाली, ही छप्पनला भरलीय. तिने रॅकेट घेतली, भिंतीवर दहा-बारा बॉल मारले आणि परत आली.

"राहू द्या, काका. दीड तास पल्लवीच्याच रॅकेटने खेळले. आता बावन्नची दिली असतीत तर हात चुकला असता."

मग मी खोलीत गेलोच नाही. आमच्या बाकाशेजारी उभा राहिलो. त्यांच्या मुलींचे फटके सरस होते, खोटं कशाला सांगू. पण आमच्या दोघी प्रत्येक पॉइंटनंतर हातावर हात मारत होत्या, आणि बाकावर नऊ मुली उभ्या राहून घसा फोडत होत्या. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला शेवटचा बॉल पल्लवीने नेटजवळून मारला आणि टाय आमची झाली. सकाळी हरलेली तीच. सगळा बाक कोर्टवर धावला. मीही धावलो. साठी जवळ आली होती, गुडघे दुखत होते, तरी धावलो. एवढा मोठा आवाज माझ्या घशातून निघतो हे मला माहीत नव्हतं. सुशीला असती तर म्हणाली असती, अहो, लोक बघतायत. बघू देत.

दुसऱ्या दिवशी हरलेल्या टीमचे कोच सहा रॅकेट घेऊन माझ्या दारात. छप्पनची गोष्ट कुठून तरी त्यांच्या कानावर गेली होती.

"सगळ्या छप्पनला भरून द्या."

मी रॅकेटना हातही लावला नाही. म्हणालो, "आधी मुलींना विचारून या."