दोन भाकऱ्या

सोलापुरातल्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते. बाहेरच्या खोलीत माझा, आतल्या खोलीत बायकोचा. दोन्हींच्या सिस्टिम वेगळ्या. गृहउद्योगाच्या पाकिटांची लेबलं ती करायची आणि त्यावरचा मजकूर मी लिहायचो. फोल्डर मात्र एकच. एकीकडे फाईल ठेवली की दुसरीकडे आपोआप जायची.

फक्त ‘कडक भाकऱ्या’ नावाची फाईल माझ्याकडे दोनदा दिसायची. एक पुसली तरी चहा संपेपर्यंत परत हजर! मी वैतागून ओरडायचो, “तुझं मशिन झपाटलंय!” आतून ती म्हणायची, “माझ्याकडं एकच दिसतंय की!”

ती गेली, दिवसकार्य झालं, आणि मग मला कारण सापडलं. ‘ऱ्या’ हे अक्षर तिचं मशिन तोडून साठवायचं, माझं अखंड. डोळ्यांना नाव तेच, पण मशिनच्या लेखी ती दोन नावं. एवढंच होतं सगळं. मी तिचा कॉम्प्युटर बंद केला आणि जादाची फाईल पुसली. ती परत आली नाही. चहा गार झाला तरी आली नाही.

तो नीटनेटका फोल्डर बघून रोज माझं डोकं फिरायचं. काल दुपारी आत गेलो आणि तिचा कॉम्प्युटर चालू केला. बाहेर येऊन बसतोय तोच दुसरी ‘कडक भाकऱ्या’ हजर.

“परत दोन झाल्या बघ!” मी ओरडलो, आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद करून आतल्या खोलीकडे कान लावून बसलो.