सॅम्पलचा दिवस

आमच्या काटेवाडीतले शेजारचे आबा डेअरीला दूध घालतात आणि म्हशीच्या दुधाच्या फॅटइतक्याच अभिमानाने स्वतःचं ब्लडप्रेशर सांगतात. गोळ्या वाढवूनही ते उतरेना. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी दिवसाची आणि रात्रीची लघवी दोन वेगळ्या कॅनमध्ये मागवली. शरीर मीठ कधी आणि किती बाहेर टाकतं, ते बघायचं होतं. दोन्ही कॅन मांडीवर घेऊन मी आबांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत एकाने विचारलं, "आबा, आज दूध बारामतीला?"

"व्हय," आबा म्हणाले.

रिपोर्ट पाहून डॉक्टर कोड्यात पडले. मीठ इतकं कमी, तरी प्रेशर चढलेलं. ते आणखी एक जबर गोळी लिहायला लागले.

आबा खुशीत म्हणाले, "मीठ कमी निघणारच. सॅम्पलच्या आधीपासून ठेचा, लोणचं बंद केलं हुतं. डेअरीचं सॅम्पल असलं की फॅट लागावं म्हणून म्हशीला न्हाय का सरकी वाढवत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि एरवी?"

"एरवी कोण बघतंय?"

"पुन्हा सॅम्पल द्या आबा. या वेळी रोजच्यासारखं जेवा."

संध्याकाळी मी डोकावलो, तर आबा ठेच्यावर वरून मीठ घेत होते. मला म्हणाले, "आता खरं तेच दाखवायचं म्हणल्यावर कमी कशाला?"