भाऊजींनी पाहिलेलं कासव

माझे धाकटे दीर चष्म्यांचं दुकान चालवतात. दुकानात ते स्वतः जाड काचांचा चष्मा लावून बसतात आणि चष्म्याला लाजणाऱ्या मुलींची समजूत घालतात, की नंबर लागणं हा काही अपराध नव्हे. मात्र सुट्टी लागून बोटीवर पाय पडला, की तोच चष्मा डबीत जातो आणि डोळ्यांवर काळा गॉगल चढतो, बिननंबरी. चष्मेवाला माणूस फोटोत धाडसी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. रूप देवानं बेताचंच दिलंय, तिथे गॉगल बिचारा काय करणार? पण हे त्यांना सांगायचं कोणी?

दर सुट्टीत एक नवं बेट आणि तिथले प्राणी-पक्षी बघायचे, हा त्यांचा छंद. दोघांचा, असं तेच सांगतात. माझी जाऊ, जिला घरात सगळे धाकटी म्हणतात, बरोबर असतेच. भाऊजी बोट दाखवून म्हणणार, मगर. धाकटी बघते तर ओंडका. ती म्हणणार, "हो, दिसली." एका बेटावर फांदीला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी तिला बगळा म्हणून दाखवली आणि तो उडेल म्हणून दोघं श्वास रोखून ताटकळत उभी राहिली. पिशवीला कसली घाई? घरी परतल्यावर दुकानात डोळे तपासायला आलेलं गिऱ्हाईक हनुवटी टेकवून खालची ओळ वाचायला धडपडत असतं आणि भाऊजी त्याला मगरीच्या दातांचं वर्णन ऐकवत असतात.

धाकटी तेव्हा मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवत असते. नवऱ्याच्या चष्म्याच्या काचाही तिच्याच हातच्या. त्यांना किती दिसतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण 'हो, दिसली' म्हटलं की सुट्टी सुखात जाते, म्हणून ती म्हणत आली.

यंदा भाऊजींनी पाण्याखाली उतरायचं काढलं. हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रात बुडी मारायची आणि प्राणी त्यांच्या घरात जाऊन बघायचे. मलाही चला म्हणाले. मला वाटलं, वहिनीला जरा हवापालट. तिथे गेल्यावर कळलं, दोघं पाण्यात गेल्यावर किनाऱ्यावर बॅगा सांभाळायला माणूस हवं होतं. आमच्या ह्यांना समुद्र नुसता चित्रात पाहिला तरी मळमळतं, म्हणून मान मला मिळाला. असो. माळ ओढायला किनाऱ्यासारखी जागा नाही.

धाकटीनं घरून निघतानाच नवऱ्यासाठी नंबराच्या काचा बसवलेला पाण्यातला मास्क तयार करून आणला होता. भाऊजींनी तो माझ्याकडच्या बॅगेत तळाशी कोंबला. ह्याच्या जाड काचा बाहेरून दिसतात म्हणे. जणू मासे विचारणार होते, साहेब, नंबर किती?

बुडी मारायला शिकवणारी बाई उन्हानं नाक सोललेली, आडव्या बांध्याची, कोणाचं ऐकून न घेणारी. शेडमध्ये काळे रबरी पोशाख टांगलेले होते. त्यातला एक भाऊजींच्या पोटावरून चढवायला दोन माणसं लागली. धाकटी मात्र पाण्यात अशी गेली, जशी रोजच्या बाजारात जावी. तिसऱ्या दिवशी रात्री केस पुसता पुसता ती मला म्हणाली, "ताई, इतकी बेटं झाली. मला एकदा तरी खरंच काहीतरी बघायचंय."

दुसऱ्या दिवशी परीक्षा. पास झालेल्यांना पुढे खोल पाण्यातल्या खडकाजवळ नेणार होते, जिथे कासवं चरायला येतात. पाण्याखाली बाई हवेच्या काट्यावर टकटक करायची आणि टाकीत हवा किती उरली ते बोटांनी दाखवायचं, एवढंच. काटा खाली उतरत होता आणि भाऊजी दर वेळी पाचही बोटं पसरून दाखवत होते. बाईनं त्यांना दंडाला धरून वर आणलं.

भाऊजी म्हणाले, मास्कवर वाफ धरली होती. मग म्हणाले, काटाच बिघडलाय. शेवटी म्हणाले, आम्ही जोडीनं आलोय, गेलो तर दोघं जाऊ, नाहीतर कोणीच नाही. आणि ओल्या केसांनी उभ्या असलेल्या धाकटीकडे वळले.

"सांग गं ह्यांना, मला नीट दिसतं म्हणून."

मी माळ थांबवली. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, बाईकडे पाहिलं.

"नाही दिसत," ती म्हणाली. "काचा मीच घासते त्यांच्या. मी मात्र उद्या येणार आहे."

रात्री जेवताना भाऊजी ताटाशी बोलत होते. सकाळी बोटीवर आले, पण रुसून. चष्मा खोलीवरच ठेवून आले होते, मानी माणूस. धाकटी पाठमोरी होऊन पाण्यात पडली आणि बुडबुडे तेवढे वर राहिले. आम्ही दोघं बॅगांजवळ. मी जप करत होते, ते बुडबुड्यांकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं भाऊजी ताडकन उभे राहिले. "वहिनी, ते बघा कासव! केवढं आहे!"

मी पाहिलं. "कासव नाही भाऊजी, तुमची बायको आहे."

ते खाली बसले. मग मी बॅगेच्या तळातून तो मास्क काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. थोडा वेळ त्यांनी तो उलटसुलट केला आणि मग खडखडीत कोरड्या बोटीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडावर पाण्यातला मास्क चढवून बसले. बोटवाल्यानं मान फिरवली, त्याचे खांदे हलत होते.

धाकटी पोहत आली, बोटीच्या काठाला धरून लोंबकळली. नवऱ्याचा अवतार पाहून हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी असते तर हसले असते.

"दिसलं का गं?" मास्कमधून नाकात बोलत त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला विचारायची ही पहिलीच वेळ.

"हो," ती म्हणाली. "दिसलं."

आता दुकानात कासवाची गोष्ट चालते. गिऱ्हाईक हनुवटी टेकवून बसलेलं असतं आणि भाऊजी सांगतात, आम्ही कासव पाहिलं, हे एवढं मोठं. मागच्या खोलीतलं यंत्र तेवढ्यापुरतं थांबतं.

"मी पाहिलं," असा आवाज येतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होतं.