नैवेद्याचं तूप

"छुइयो नईं, बाबूजी!" मटकीच्या तोंडावर तळहात पालथा घालूनच ती गाडीतून उतरायची. मी झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला कारकून, तिच्या तुपाला हात लावायचं मला काही कारण नव्हतं. तरी दर खेपेला दटावणी ठरलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ओळख दाखवण्याआधी दरडावणारी.

समथर संस्थानातली ही म्हातारी झाशीतल्या खंडेराव गेटच्या मराठी घरांत तूप घालायची. ते तूप नैवेद्याला आणि निरांजनाला. कोणी बोट घातलं की उष्टं झालं, मग देवाला चालत नाही. हे सोवळं आमच्या बायकांपेक्षा तीच कडक पाळायची. माझी बायको एकदा वास घ्यायला वाकली, तर म्हणाली, "दूर से सूँघो, बाई!"

संस्थानच्या हद्दीवर नाका होता. तिथला नाकेदार फुकट तूप उकळायचा, पण आपली वाटी पुढे करून. ओतायची ती. तरीही त्याला शिव्या घालतच ती झाशीला पोचायची.

मग संस्थानं विलीन झाली. नकाशावरची ठिगळं गेली, देश एक झाला, मालगाड्या वाढल्या. आम्ही स्टेशनात पेढे वाटले. तिने आपला पेढा पदराला बांधला.

"अब नाका नईं?"

"नहीं अम्मा, अब सब अपना ही मुल्क है."

ती हसली, तेव्हा तिचे दात किती कमी उरलेत ते दिसलं.

हद्दीवरचा नाका उठला, आणि स्टेशनाबाहेर शहराच्या जकातीचा नवा बसला. तिथल्या पांढऱ्या टोपीवाल्या बाबूने भेसळ तपासायची म्हणून थेट मटकीत बोट बुडवलं आणि चाटलं. म्हातारी किंचाळली. मी धावलो. "भैया, पूजा का घी है!"

"राजा-रजवाड़ों का ज़माना गया," असं म्हणून त्याने पुन्हा बोट घातलं.

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. राजाच्या नोकराने पाळली ती मर्यादा आपल्याच राज्यातल्या माणसाला जड व्हावी?

गप्प बसली असती तर तूप खपलं असतं. पण तिने प्रत्येक दारात आधी सांगितलं, "उँगली पड़ गई है." लोक हळहळले आणि दार लावून घेतलं. माझ्या बायकोने पोळीवर खायला म्हणून घेतलं, तेही म्हातारीला लागलं. "तुम तो भगवान के लाने लेत तीं," तुम्ही तर देवासाठी घ्यायचात, एवढंच बोलली.

पुढच्या खेपेलाही तेच. मी जकातीच्या साहेबाकडे तक्रार नेली. साहेब हसले. "इधर देश बन रहा है और आप मटकी लिए बैठे हैं!" अहो, देश बनतो तो कोणासाठी?

शेवटच्या खेपेला बाबूने बोट पुढे केलं, तशी तिने अख्खी मटकीच त्याच्या टेबलावर ठेवली. "पूरी खा लो, भैया." आणि रिकाम्या हाताने फलाटाकडे वळली. मी हाका मारल्या. तिने मागे पाहिलं नाही. ती पुन्हा झाशीला आली नाही.

त्या गणपतीत वनस्पती तुपाचे सीलबंद डबे वॅगन भरून आले. जकातीच्या बाबूने एका झाकणावर टिचकी मारली आणि सगळे सोडून दिले. खंडेराव गेटच्या निरांजनांत आता तेच जळतं. कोणाचं बोट लागलेलं नाही ना, म्हणून शुद्ध!